हॉटस्पॉट बंद पडल्यास शेतकऱ्यानें काय करावें?

वाफ्यांत पाणी येईनासें झालें म्हणजे जाणता शेतकरी लगेच विहीर खोल करावयास धांवत नाहीं. प्रथम तो विहिरींत पाणी आहे कीं नाहीं तें पाहतो, नंतर पाट कोठें फुटला आहे तें शोधतो, आणि शेवटीं वाफ्याचें दारें उघडें आहे कीं नाहीं याची खात्री करून घेतो. मोबाईलचा हॉटस्पॉट बंद पडला असतां मात्र हाच शेतकरी हा क्रम विसरतो, हातास येईल ती कळ दाबतो, आणि अखेर तालुक्याच्या दुकानांत पैसे मोजून येतो. वस्तुतः हॉटस्पॉट म्हणजे एका मोबाईलनें मनोऱ्यावरून घेतलेलें इंटरनेट जवळच्या दुसऱ्या मोबाईलास अथवा संगणकास बिनतारी लहरींनीं पोंचविणें, एवढेंच होय. विहीर, पाट आणि वाफा हीं तीनही स्थळें येथें आहेत. दोष बहुधा यांपैकीं एका ठिकाणींच असतो.

हा विषय क्षुल्लक नव्हे. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली. तेव्हांपासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें शेतांत उभें राहून मोबाईलवरून करावयाची आहे. नोंद राहिल्यास नुकसानभरपाई, पीक-विमा व हमीभावाची खरेदी यांत अडचण येते. गत खरिपांत मुदत संपत आली असतां आम्ही एका शेजाऱ्याच्या बांधावर गेलों. त्यांच्या मोबाईलचा रिचार्ज संपला होता, म्हणून आम्हीं आमचा हॉटस्पॉट सुरू केला. पण त्यांच्या जुन्या मोबाईलवर आमचें नांवच दिसेना. घटकाभर खटपट करून आम्ही दोघेही तालुक्यास जावयास निघालों, तोंच त्यांचा मुलगा आला. त्याच्या नव्या मोबाईलवर तें नांव तत्काळ दिसलें! आमच्या मोबाईलाच्या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या होत्या, आणि जुन्या मोबाईलास केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी समजत होत्या. सेटिंगमधील ‘बँड’ बदलतांच काम झालें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, तो हाच.

यासाठीं आमची सूचना अशी कीं, तपासणी पुढील क्रमानें करावी.

पहिली तपासणी विहिरीची. इंटरनेट देणाऱ्या मोबाईलवर, त्याचें वायफाय बंद ठेवून, एखादें पान उघडतें का तें पाहावें. न उघडल्यास हॉटस्पॉटास दोष देणें व्यर्थ आहे. रिचार्ज संपला असेल, मोबाईल डेटाची कळ बंद असेल, किंवा त्या दिवसाचा डेटा संपला असेल. अनेक योजनांत रोजचा डेटा संपतांच वेग इतका उतरतो कीं, जोडणी दिसते पण काम होत नाहीं. संगणक जोडला असल्यास तो आपल्या नकळत मोठाल्या फाइली उतरवून घेऊन डेटा संपवितो, हेंही ध्यानांत असावें. रेंज अडखळत असल्यास ‘एअरप्लेन मोड’ अर्धा मिनिट सुरू करून बंद करावा, आणि उंचवट्यावर जाऊन पाहावें.

दुसरी तपासणी पाटाची, आणि बहुतेक दोष येथेंच सांपडतात. ‘डेटा सेव्हर’ सुरू असल्यास अनेक मोबाईलांत हॉटस्पॉट चालत नाहीं. बॅटरी वांचविण्याची सोयही कधीं कधीं त्यास आड येते. दोन्ही बंद कराव्या. कांहीं वेळ कोणीच जोडलेलें नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. ही सोय सेटिंगमध्यें काढून टाकतां येते. बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवावा, कारण या लहरी भिंतीपलीकडे व दूरवर अधिक चांगल्या पोंचतात. नव्या आयफोनांत याच कामासाठीं ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ नांवाची कळ असते. जुन्या उपकरणास ‘डब्ल्यूपीए ३’ ही सुरक्षा-पद्धति समजत नसल्यास ‘डब्ल्यूपीए २’ निवडावी. मोबाईल उन्हांत तापला असल्यास तो आपली कांहीं कामें स्वतःच थांबवितो. त्यास झाडाच्या सावलींत ठेवून निवूं द्यावें.

तिसरी तपासणी वाफ्याच्या दाऱ्याची. घेणाऱ्या उपकरणावर जुनी जोडणी ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्यानें घालावा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांची चूक फार होते. दोन्ही उपकरणें एकदां बंद करून सुरू करावीं. तरीही न जमल्यास तिसरा मोबाईल जोडून पाहावा. तो जोडला गेल्यास दोष घेणाऱ्याकडे आहे, न गेल्यास देणाऱ्याकडे, असा निर्णय सहज होतो.

एवढ्यानेंही यश न आल्यास, आणि काम संगणकावरील असल्यास, चार्जिंगच्या तारेनें मोबाईल त्यास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावें. मात्र ती तार केवळ चार्जिंगपुरती नसावी. ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’ हा उपाय सर्वांत शेवटीं करावा. त्यानें साठविलेले वायफायचे पासवर्ड जातात, परंतु छायाचित्रें जात नाहींत. संपूर्ण मोबाईल पुसून टाकणारा ‘फॅक्टरी रिसेट’ मात्र कोणाच्याही सांगण्यावरून घाईनें करूं नये. त्यांत कागदपत्रांचीं छायाचित्रें व हिशेब नाहींसे होण्याचें भय आहे.

आणखी एक विनंती. हॉटस्पॉटास पासवर्ड अवश्य ठेवावा, आणि काम होतांच तो बंद करावा. उघडें दारें म्हणजे पाण्याची नासाडीच. पेरणीपूर्वीं आपण तिफण तपासतों, पावसाळ्यापूर्वीं घर शाकारतों. त्याचप्रमाणें मुदतीच्या आठ दिवस आधीं घरींच हॉटस्पॉट जोडून पाहण्याचा परिपाठ आमच्या वाचकांनीं ठेवावा. अखेरच्या दिवशीं बांधावर उभें राहून धांवाधांव करण्यापेक्षां हा अर्ध्या घटकेचा उद्योग शतपटीनें बरा.