सरहद्दीवरील ठाणे आणि आकाशातील सूड

सोलापूरच्या यंत्रमागांवर विणलेले टॉवेल ज्या आखाती मुलखांत जातात, त्यांच्या शेजारचे युद्ध आपणांस परके मानता येत नाही. २८ जानेवारी २०२४ रोजी पहाटे, जॉर्डनच्या ईशान्य सरहद्दीवरील ‘टॉवर २२’ या अमेरिकी ठाण्यात शिपाई निद्राधीन असताना, इराणसमर्थक सशस्त्र गटांनी सोडलेले, अल्प खर्चाचे आणि रडारला सहज न गवसणारे ड्रोन निवासाच्या खोल्यांवर आदळून तीन सैनिक मृत्युमुखी पडले. त्याचा सूड म्हणून २ फेब्रुवारीस अमेरिकेने इराक व सीरियातील ८५ हून अधिक लक्ष्यांवर बॉम्बवर्षाव केला. इराकी सरकारने जाहीर केलेल्या १६ मृतांत नागरिकही होते, आणि गुन्हा गटाचा असता शिक्षा रयतेला, हा न्याय मला सर्वथा अमान्य आहे. पाचच दिवसांनी खुद्द बगदादेत, भररस्त्यात, कताइब हिजबुल्ला या इराणसमर्थक इराकी गटाच्या एका सरदाराची मोटार अमेरिकी ड्रोनने उडविली.