सुताराचे डोंगर, पोलादाचे डोंगर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, समुद्रकाठच्या कोनी आयलंड या जुन्या करमणुकीच्या पेठेत, 26 जून 1927 रोजी सुरू झालेला 'सायक्लोन' नावाचा रोलर कोस्टर अद्याप चालू आहे, आणि जगातील नामांकित लाकडी रोलर कोस्टरांची कोणतीही यादी त्याच्या नावावाचून पुरी होत नाही. तथापि त्याच्या पायथ्याशी उभे राहून जो कोणी मान वर करील, त्याला लाकडाऐवजी पोलादी खांबांचा आणि तिरप्या तुळयांचा सांगाडाच प्रथम दिसेल. याच्या नेमके उलट दृश्य ओहायो राज्यातील सीडर पॉइंट या उद्यानात आढळते. तेथील 'स्टील व्हेन्जन्स' हा दोनशे पाच फूट उंचीचा कोस्टर दुरून पाहता लाकडाचे रानच वाटतो. पण त्याची गणना जाणकार मंडळी लाकडी वर्गात करीत नाहीत, आणि ते रास्तच आहे. कारण या बाबतीतला निवाडा सांगाड्याने होत नसून रुळाने होतो. चाक ज्यावरून धावते ते लाकूड असेल तर कोस्टर लाकडी, पोलाद असेल तर पोलादी. खालचा डोलारा कशाचाही असो.

लाकडी रूळ म्हणजे आगगाडीच्या रुळासारखी एकसंध वस्तू नव्हे. फळ्यांचे सात-आठ थर एकावर एक रचून, खिळे आणि बोल्ट ठोकून ते एकजीव करतात, वरचे एक-दोन थर आतल्या अंगाला थोडे पुढे काढतात, आणि चाक जेथे जेथे टेकेल तेथे पोलादाची एक चपटी पट्टी बसवितात. पुढे काढलेल्या त्या ओठाचे प्रयोजन फार महत्त्वाचे आहे. प्रत्येक डब्याला तीन प्रकारची चाके असतात: एक रुळावरून धावणारे, दुसरे बाजूने रुळाला घासून दिशा धरणारे, आणि तिसरे त्या ओठाखालून धावणारे, जे डबा वर उचलला जाऊ लागताच त्याला खाली ओढून धरते. हे तिसरे चाक जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने 1919 च्या सुमारास पेटंट घेऊन रूढ केले, आणि माझ्या मते रोलर कोस्टरच्या सबंध इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट तीच होय; तिच्यापुढे नंतरचे उंचीचे आणि वेगाचे सारे विक्रम तपशिलात जमा होतात. गाडी रूळ सोडून उडणार नाही अशी हमी मिळाल्याबरोबर बांधणाऱ्यांना उतार हवा तेवढा उभा करण्याची आणि उंचवट्यावर प्रवाशाला आसनापासून चार बोटे अधांतरी उचलण्याची मुभा मिळाली. चढणीवर गाडी वर जात असताना खालून जो 'कट्‌-कट्‌' असा एकसारखा आवाज येतो, तोही याच मिलरच्या कसबाचा: साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीवर पडत जाणारा तो अडसर आहे.

त्याच्या आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. रशियात हिवाळ्यात लाकडी डोलाऱ्यावर बर्फ गोठवून घसरगुंड्या करीत. ती हौस पॅरिसला पोहोचली, आणि 1817 मध्ये तेथे चाकांच्या गाड्या धावू लागल्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक येथे कोळसा उतरविण्यासाठी घातलेला उताराचा लोहमार्ग सहलीच्या लोकांना कोळशाहून अधिक प्रिय झाला. 1884 साली लामार्कस थॉम्पसन याने कोनी आयलंड येथे पाच सेंट दराने पहिली 'स्विचबॅक' गाडी सुरू केली; तिचा वेग ताशी सहा मैलांच्या आसपास, म्हणजे आपला टांगेवाला सहज मागे टाकील असा होता, आणि प्रवासी समोर तोंड न करता बाजूला तोंड करून समुद्र पाहत बसत. पेनसिल्व्हेनियातच अल्टूना येथे 1902 साली बांधलेला 'लीप द डिप्स' त्या काळचा अवशेष म्हणून शिल्लक आहे. त्याला खालचे चाक नाही, त्यामुळे तो एक्केचाळीस फुटांवर समाधान मानतो. मेलबर्नच्या लूना पार्कमधील 1912 चा आणि कोपनहेगनच्या टिव्होलीमधील 1914 चा कोस्टर तर अजून गाडीत बसलेल्या अगर उभ्या असलेल्या ब्रेकवाल्याच्या हातावर चालतो, आणि वळणावर वेग किती ठेवावा हा सर्वस्वी त्या मनुष्याचा अखत्यार असतो.

मिलरच्या चाकानंतरची दहा-बारा वर्षे हा लाकडाचा भराचा काळ. पुढे जागतिक मंदी आली, पाठोपाठ युद्ध आले, आणि देखभालीचा खर्च न झेपल्यामुळे हे डोलारे शेकड्यांनी जमीनदोस्त झाले. या पडझडीनंतर 1959 मध्ये, कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये, 'मॅटरहॉर्न' या कृत्रिम पर्वताच्या पोटात ॲरो या कंपनीने पोलादी नळ्यांचा रूळ घातला, आणि तेथून या धंद्याचा नूर पालटला. नळीचा गुण असा की ती हव्या त्या दिशेला, एकाच वेळी उजवीकडे, वर आणि स्वतःभोवती वाकविता येते. फळीला ही मुभा नाही, ती एका अंगाने वाकते आणि दुसऱ्या अंगाने हटून बसते. नळ्यांचे तुकडे कारखान्यात तयार होतात, जागेवर नेऊन बोल्टांनी जोडले जातात, आणि त्यांवरून पॉलियुरेथेनचे अस्तर असलेली चाके जवळजवळ निःशब्द धावतात.

गाडी उलटी करण्याचा हव्यास मात्र पोलादी नळीहून बराच जुना आहे. 1895 साली कोनी आयलंड येथे 'फ्लिप फ्लॅप' नावाची गाडी पूर्ण वर्तुळातून फिरविण्यात आली होती, आणि प्रवाशांच्या मानांचे जे हाल झाले त्यामुळे ती फार दिवस टिकली नाही. दोष धाडसाचा नव्हता, वर्तुळाचा होता. सरळ रुळावरून आलेली गाडी अचूक वर्तुळात शिरते त्या क्षणी तिची वक्रता शून्यावरून एकदम पूर्ण होते, आणि त्या वेळी वेगही सर्वाधिक असल्यामुळे शरीराचा भार एका झटक्यात अनेकपट होतो. लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्यांना यावरील उपाय पूर्वीपासून ठाऊक होता: वळण एकदम सुरू करावयाचे नाही, वक्रता हळूहळू वाढवीत न्यावयाची. तोच उपाय उभ्या फेऱ्याला लावण्याचे काम वेर्नर श्टेंगेल आणि अँटोन श्वार्त्सकोफ या जर्मन जोडीने 1976 साली कॅलिफोर्नियातील 'रिव्होल्यूशन' या कोस्टरवर केले. म्हणूनच आजचे बहुतेक फेरे वर्तुळाकार नसून पाण्याच्या थेंबासारखे, वर निमुळते आणि खाली रुंद असतात.

यानंतर पोलादाने उंचीची जी शर्यत मांडली तिचे वर्णन आकड्यांतच होऊ शकते, आणि ते मला काहीसे कंटाळवाणे वाटते. सीडर पॉइंट येथे 1989 साली 'मॅग्नम' दोनशे फुटांपलीकडे गेला, 2000 साली तेथेच 'मिलेनियम फोर्स' तीनशे फुटांपलीकडे, 2003 साली 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' चारशेंपलीकडे. आणि 2005 साली न्यू जर्सीतील 'किंगडा का' 139 मीटर उंचीवर आणि ताशी 206 किलोमीटर वेगावर जाऊन ठेपला. या शेवटच्या दोघांना साखळीची चढणही नव्हती. द्रवाच्या दाबावर चालणारे यंत्र गाडीला काही सेकंदांत भिरकावून देई, गाडी एका प्रचंड कमानीवर चढे, उतरे, आणि खेळ संपे. क्वचित वेग अपुरा पडून गाडी शिखराच्या अलीकडूनच मागे परते. अशा परतलेल्या प्रवाशांना दुप्पट लाभ झाला असे मानण्याची तेथे रीत होती. 2024 च्या अखेरीस 'किंगडा का' कायमचा बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी सुरुंगांनी तो पाडण्यात आला. त्याचे वय तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते.

लाकूड आणि पोलाद यांमधील खरा भेद मला येथे दिसतो. पोलादी कोस्टर एकदा घडविला जातो. त्याची चाके, ब्रेक आणि यंत्रे बदलत असली तरी रूळ जो आहे तोच राहतो, आणि तो नकोसा झाला म्हणजे काढून टाकावा लागतो. लाकडी कोस्टर कधीच बांधून पुरा होत नाही. उद्यान उघडण्यापूर्वी रोज सकाळी हातोडी आणि पाना घेतलेली माणसे रुळाच्या कडेने सबंध मार्ग पायी चालून जातात, सैल झालेला बोल्ट आवळतात, वर आलेला खिळा ठोकतात, फळी पोकळ वाजली तर तिच्यावर खूण करतात. आणि हिवाळ्यात उद्यान बंद असताना खुणा केलेले तुकडे उचकटून नवे थर घालतात. कोकणातल्या घराची जशी दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी होते, तसाच हा वार्षिक बंदोबस्त असतो. 1927 च्या 'सायक्लोन'च्या रुळात 1927 ची फळी आज शोधूनही सापडणे कठीण, तरीही त्याला त्याच नावाने ओळखण्यात आणि 1988 मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे 1947 साली बांधलेला 'रॉकेट' बंद पडला, तेव्हा पेनसिल्व्हेनियातील कनोबल्स या कौटुंबिक उद्यानाने मूळ नकाशे हाती नसताना त्याची फळी न्‌ फळी क्रमांक घालून उतरविली आणि 1985 साली आपल्या जागेत 'फिनिक्स' या नावाने पुन्हा उभारली. पोलादी कोस्टरही एका उद्यानातून दुसऱ्यात जातात, आणि ते काम कितीतरी सोपे असते. पण सुट्या तुकड्यांची जोडणी आणि हे कसब यांना एकाच मापाने मोजणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रवासाच्या अनुभवातही हाच भेद उतरतो. पोलादी गाडीत भय उंचीचे आणि मापाचे असते. अभियंत्याने जो भार, जी भारशून्यता, जी कलाटणी कागदावर लिहिली, ती नेमकी तेवढीच सकाळच्या आणि रात्रीच्या प्रवाशाला मिळते. लाकडी गाडीत सांगाडा डोलतो, रूळ कुरकुरतो, लोखंडी चाक पट्टीवर खडखडते, आणि वेग ताशी साठ मैल असूनही तो शंभराचा भासतो. शिवाय तो वेग रोज सारखा नसतो: दिवसभराच्या फेऱ्यांनी चाकांतले वंगण तापले म्हणजे संध्याकाळची गाडी सकाळच्या गाडीहून चपळ धावते, आणि पावसाची सर येऊन गेली तर आणखीच. ओहायोतील किंग्ज आयलंड येथील 'बीस्ट' हा 1979 चा कोस्टर लांबीने सुमारे 7,360 फूट असून अद्याप जगातील सर्वांत लांब लाकडी कोस्टर आहे. तो दाट झाडीतून जात असल्यामुळे रात्री पुढचे वळण दिसतच नाही, आणि त्याची कीर्ती उंचीवर नसून या अंधारावर उभी आहे.

लाकडाने पोलादाची बरोबरी करू पाहिली तेव्हा मात्र फजिती झाली. त्याच किंग्ज आयलंडमध्ये 2000 साली 218 फुटांचा, मध्ये एक पूर्ण फेरा असलेला 'सन ऑफ बीस्ट' उभारण्यात आला. 2006 मध्ये त्याच्या सांगाड्यातील लाकूड निकामी होऊन सत्तावीस जणांना इजा झाली, फेरा काढण्यात आला, 2009 मध्ये गाडी बंद पडली आणि 2012 मध्ये डोलारा उतरविण्यात आला. यावर दोन तोडगे निघाले. आयडाहोमधील रॉकी माउंटन कंपनीने जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढविण्याची युक्ती काढली. आरंभी सांगितलेला 'स्टील व्हेन्जन्स' हा 1991 च्या 'मीन स्ट्रीक' नावाच्या, अत्यंत खडबडीत झालेल्या लाकडी कोस्टरचाच 2018 मधील अवतार आहे, आणि तो गाडीला चार वेळा उलटी करतो. जपानमधील नागाशिमा येथील 'व्हाइट सायक्लोन'चीही 2019 पर्यंत अशीच गत झाली; प्रवासी खूष आहेत, पण एक लाकडी कोस्टर कमी झाला ही नोंद राहतेच. दुसरा तोडगा इन्टामिन या कंपनीचा: फळ्यांचे थर कारखान्यातच चिकटवून, यंत्राने काटेकोर कापून, तयार तुकडे जागेवर जोडावयाचे. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर येथील 'एल टोरो' हा 2006 चा, 181 फुटांचा, 76 अंशांच्या उताराचा कोस्टर या रीतीने घडला आहे. तो नळीइतका गुळगुळीत धावतो, आणि तरी उंचवट्यांवर प्रवाशाला असा फेकतो की लाकडाचा अभिमानी निरुत्तर व्हावा. तथापि कारखान्यात झालेले काम शाकारणीतून सुटते असे नाही: 2022 मध्ये त्याच्यावर प्रवाशांना इजा झाली, आणि दुरुस्ती व पाहणी होऊन 2023 मध्येच तो पुन्हा खुला झाला.

आपल्याकडे लाकडाचा मोठा रोलर कोस्टर माझ्या पाहण्यात नाही. दमट हवा आणि वाळवी ही कारणे चटकन सुचतात, परंतु जपानही दमटच आहे. मला वाटते, रोज सकाळी रूळ चालून पाहणाऱ्या सुतारांचा कायमचा पगार हा खर्च आमच्या उद्यानांच्या जमाखर्चात बसत नाही. पोलाद मात्र आले: खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 2013 साली आलेला 'नायट्रो' हा बोलिजर आणि माबिलार या स्विस कंपनीच्या घडणीचा असून त्याच्या डब्यांना तळ नाही, पाय मोकळे लोंबतात. योगायोग असा की याच कंपनीने बांधलेला, याच नावाचा पण वेगळ्या जातीचा, 230 फूट उंचीचा आणि एकही उलटा फेरा नसलेला कोस्टर 2001 पासून न्यू जर्सीत 'एल टोरो'च्याच उद्यानात आहे.

एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांतून राहणारी मराठी कुटुंबे उन्हाळ्यात देशातून आलेल्या पाहुण्यांना या उद्यानात नेतात, तेव्हा दोन्ही जाती एकाच तिकिटात शेजारी-शेजारी पाहण्याची सोय होते. 'नायट्रो'वर पुढची रांग धरावी, कारण तेथे पाहण्यासारखे सारे समोर आहे. 'एल टोरो'वर शेवटचा डबा घ्यावा. पुढचे डबे शिखर ओलांडून खाली जाताना मागच्यांना खेचून घेतात, त्यामुळे अधांतरी होण्याचा वाटा तेथे सर्वांत मोठा पडतो. मात्र चाकांच्या थेट वर येणारे आसन टाळून मधले घ्यावे, आणि आधी 'नायट्रो', मग 'एल टोरो' असा क्रम ठेवावा; उलटा ठेवला तर 'नायट्रो' फारच सभ्य वाटू लागतो.