घरच्या सशाला पिल्लं झाली तर... (पालक आणि शिक्षकांसाठी)



फेब्रुवारीतली गोष्ट. माझ्या पाचवीच्या वर्गातला एक मुलगा सकाळी रडवेला होऊन आला. "बाई, आमच्या सशाला सहा पिल्लं झाली, पण आई त्यांच्याजवळ जातच नाही. मम्मीनं चमच्यानं गाईचं दूध पाजलं." चार दिवसांत सहापैकी चार पिल्लं गेली. पिल्लांची आई खरं तर नीट वागत होती. घरातल्यांनीही मायेपोटीच सगळं केलं होतं. फक्त सशाची आई कशी असते, हे कोणाला माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मलाही नव्हतं. त्या आठवड्यात पशुवैद्यांना विचारून, वाचून जे समजलं ते इथे मांडते.

आधी एक घोळ मिटवूया. आपण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना 'ससा' म्हणतो. आपल्या सोलापूरच्या माळरानावर, नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे गेलात तर दिसतो तो रानससा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली असतात. पिंजऱ्यातला पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी, आंधळी आणि बहिरी जन्मतात. या दोघांचा संकर होत नाही. ज्वारी काढताना रानसशाचं पिल्लू सापडलं तर ते घरी आणू नका, तिथेच राहू द्या. आई अंधार पडल्यावर येते. शिवाय रानससा पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

आता घरच्या सशाकडे वळू. त्या मुलाच्या वडिलांनी बाजारातून 'दोन्ही माद्या' म्हणून जोडी आणली होती. विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही. महिना-दीड महिन्याच्या पिल्लात नर-मादी ओळखणं जाणकारालाही चुकवतं. दहा-बारा आठवड्यांनंतर नराची वृषणं दिसू लागतात, तेव्हा खात्री होते. पण तोवर फार वेळ हातात उरत नाही, कारण लहान जातीचे ससे चौथ्या महिन्यातच वयात येतात. मोठ्या जातींना सहा महिने लागतात. भाऊ-बहीण असले तरी निसर्ग थांबत नाही. म्हणून तिसरा महिना संपायच्या आत नर आणि माद्या वेगळ्या करायच्या.

गाय-म्हैस माजावर येते, तिचे दिवस ठरलेले असतात, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावं लागत नाही. सशाचं तसं नाही. मादीचं बीज ठरावीक तारखेला सुटत नाही, ते नराशी संबंध आल्यानंतर साधारण दहा तासांनी सुटतं. म्हणजे "आज एक दिवस एकत्र खेळू दे, काय होतंय" असं म्हणायची सोय नाही. खरं तर एक मिनिटही पुरतं.

गर्भ ३० ते ३२ दिवसांचा. शेवटच्या दिवसांत मादी तोंडात गवत घेऊन फिरते, छातीपोटाचे केस उपटून घरटं करते. मुलं घाबरतात, "बाई, ती स्वतःलाच टोचतेय!" म्हणतात. तो आजार नाही, ती पिल्लांसाठी गादी आहे, आणि केस निघाल्याने स्तनही मोकळे होतात. कधी कधी गर्भ नसतानाही मादी असंच करते. तो खोटा गर्भ, अडीच आठवड्यांत आपोआप ओसरतो. पण गर्भ असेल तर २७-२८ व्या दिवशी लाकडी किंवा पुठ्ठ्याची खोकी ठेवा. मादी आत वळू शकेल एवढी मोठी, आणि पिल्लं बाहेर सांडणार नाहीत एवढ्या काठाची. आत वाळलेलं मऊ गवत भरा. नर तोवर दुसऱ्या पिंजऱ्यात गेलेला हवा. कारण पुढे सांगते.

आता मूळ मुद्दा. सशाची आई पिल्लांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते. तेही रात्री किंवा पहाटे, तीन ते पाच मिनिटं. उरलेला सगळा वेळ ती लांब बसते. मांजर पिल्लांना कवटाळून झोपते, तेच आपल्या डोळ्यांपुढे असतं, म्हणून ही आई आपल्याला निष्ठुर वाटते. पण बिळात राहणाऱ्या प्राण्याने सारखं ये-जा केलं तर कोल्ह्या-मुंगसाला पिल्लांचा पत्ता लागेल. लांब राहणं हीच तिची राखण. दूध इतकं घट्ट आणि सकस असतं की पिल्लाला दिवसभर पुरतं.

मग पिल्लू उपाशी आहे की नाही हे कसं ओळखायचं? सकाळी एकदा, हात धुऊन, आईला थोडा पाला देऊन बाजूला करून बघायचं. पोट गोल, अंग गरम, पिल्लू शांत असेल तर ते प्यालेलं आहे. कातडी सुरकुतलेली, पोट खपाटीला, सारखं चीं-चीं करत असेल तर डॉक्टरांना फोन करायचा. गाईचं दूध मुळीच नको. त्याने हगवण लागते, आणि चमच्याने पाजताना दूध श्वासनळीत जातं. त्या चार पिल्लांचं बहुधा हेच झालं.

"माणसाचा हात लागला की आई टाकून देते" हा समजही सोडून द्या. उलट इथे हात लावावाच लागतो. मांजर पिल्लू तोंडात धरून परत आणते, सशाची आई आणत नाही. घरट्याबाहेर पडलेलं उघडं पिल्लू तासाभरात गारठून मरू शकतं. ते ओंजळीत धरून ऊब द्या आणि इतरांमध्ये ठेवा. मेलेलं पिल्लू मात्र लगेच काढा.

दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येऊन गवत कुरतडू लागतात. आईपासून सहा ते आठ आठवड्यांच्या आधी तोडू नका. बाजारात याहून लहान पिल्लं विकायला ठेवतात, कारण ती गोंडस दिसतात. ती का टिकत नाहीत, हे आता लक्षात आलं असेल.

खाण्यात वाळलेलं गवत मुख्य, पाणी सतत. गाभण आणि पाजणाऱ्या मादीला लसूणघास जरूर द्या. आपल्या भागात ज्वारी हाताशी असते म्हणून सांगते, कोवळी ज्वारी टाकू नका. जनावरांना किराळ लागते ती त्यातल्याच विषामुळे.

आणि सोलापूरचा उन्हाळा! पारा चाळीशीच्या वर जातो, आणि सशाला घाम येत नाही. तो कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तिशीच्या पुढेच त्याला त्रास होऊ लागतो, नराची प्रजननक्षमताही काही आठवडे घटते. पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टी. मार्च ते जून वीण नकोच. सावलीत पिंजरा, वर ओलं पोतं, आत टेकून बसायला गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून.

नर वेगळा ठेवायचं कारण आता सांगते. बाळंतपणानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्या घरात नर त्याच पिंजऱ्यात होता. बरोबर ३१ दिवसांनी, ऐन मार्चच्या उन्हात, आणखी पाच पिल्लं झाली.

इथे गणिताच्या शिक्षकांना एक तयार पाठ मिळतो. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या जोडीचंच कोडं घातलं होतं. जोडी दर महिन्याला नवी जोडी देते, नवी जोडी दुसऱ्या महिन्यापासून देऊ लागते, तर वर्षाअखेर किती? त्याचं उत्तर ३७७ जोड्या. (हीच संख्यामालिका छंदशास्त्रात हेमचंद्राने त्याच्या आधी मांडली होती, हेही मुलांना सांगा.) खरे ससे अशी एकेक जोडी देत नाहीत, चार ते आठ पिल्लं एकदम देतात. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिनने शिकारीसाठी दोनेक डझन ससे सोडले, आणि काही दशकांत शेतंच्या शेतं उजाड झाली.

"मुलांना जन्म बघायला मिळावा" म्हणून वीण घडवू इच्छिणाऱ्या पालकांना माझा एकच प्रश्न असतो, सहा पिल्लांना सहा घरं कोणती? नावं लिहून काढा. यादी तीनवर अडकत असेल तर नराची नसबंदी करून घ्या, सशांवर शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडूनच. त्यानंतरही महिना-दीड महिना तो वेगळा ठेवावा लागतो. मादीची नसबंदी जास्त अवघड, पण वय झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो, म्हणून डॉक्टर तीही सुचवतात.

मुलं विचारतील, "पिल्लं पोटात कशी आली?" 'देवानं दिली' म्हणून टाळू नका. नराचं आणि मादीचं बीज एकत्र आलं की पिल्लू तयार होतं, एवढं पाचवीच्या मुलाला पुरतं आणि ते खरं आहे.

दुसऱ्या वेळची पाचही पिल्लं जगली. तो मुलगा रोज सकाळी पोटं बघून वहीत 'गोल' किंवा 'चपटं' लिहायचा. एका पिल्लापुढे दोन दिवस 'चपटं' होतं, मग त्याच्या आईने मादीला हळूच धरून त्याला एकट्याला आधी पाजलं. आता त्या घरी नऊ ससे आहेत, दोन पिंजरे आहेत, आणि चार पिल्लांसाठी घरं ठरली आहेत. उरलेल्या तिघांसाठी तो अजून वर्गावर्गात विचारत फिरतोय.