पोलादी हाताचा चोइ दोंग-वोन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बुसान हे दक्षिण कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, मोठं बंदर आणि बेसबॉलचं अस्सल वेड असलेलं गाव. तिथल्या सजिक स्टेडियमबाहेर एका पिचरचा पुतळा आहे. डोळ्यांवर चष्मा, पाठीवर ११ क्रमांक आणि चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात ताणलेलं शरीर. हा चोइ दोंग-वोन. चोइ हे आडनाव. कोरियात ते आधी येतं. २४ मे १९५८ रोजी याच शहरात तो जन्मला आणि १४ सप्टेंबर २०११ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेला.

कोरियात त्याला 'पोलादी हात' म्हणत. माणूस दंतकथा झाला की त्याच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार साठतात. चोइच्या बाबतीत त्या बहुतेक सगळ्या एकाच शब्दाभोवती फिरतात: 'एकट्यानं'. एकट्यानं मालिका जिंकली, एकट्यानं संघ वाहिला. त्याचं कर्तृत्व खरंच अचाट होतं. पण 'एकट्यानं' या शब्दाखाली त्याची झीज झाकली जाते आणि त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडसही. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. क्रिकेटमध्ये सहा चेंडू टाकले की गोलंदाजाला उसंत मिळते. बेसबॉलमध्ये पिचर बदलेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो, आणि एकदा बदलला की त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आज सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला शंभर चेंडूंच्या आसपास थांबवतात आणि पुढे चार-पाच दिवस विश्रांती देतात. पुढचे आकडे या मापानं वाचावेत.

गैरसमज: १९८४ची अंतिम मालिका चोइनं एकही सामना न हरता, एकट्याच्या बळावर जिंकून दिली आणि तोच मालिकेचा मानकरी ठरला.

वस्तुस्थिती: कोरियाची व्यावसायिक लीग १९८२मध्ये सहा संघांनी सुरू झाली. १९८४च्या अंतिम मालिकेत बुसानचा लोत्ते जायंट्स आणि देगूचा सॅमसंग लायन्स समोरासमोर आले. सॅमसंग कितीतरी बलाढ्य होता. इतका, की हंगामाच्या अखेरीस लोत्तेविरुद्धचे सामने मुद्दाम सोडून त्यानं अंतिम फेरीसाठी आपल्याला सोपा वाटणारा प्रतिस्पर्धी निवडला, असा ठपका त्याच्यावर कायमचा बसला. लोत्तेकडे भरवशाचा पिचर एकच होता. चार विजय हवे होते. प्रशिक्षक कांग ब्योंग-चोल यांनी पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा सामना चोइच्या हाती द्यायचं ठरवलं.

३० सप्टेंबरचा पहिला सामना त्यानं ४-० असा जिंकला; सगळे चेंडू त्याचेच, आणि प्रतिस्पर्ध्याला एकही धाव नाही. तिसरा ३-२ असा जिंकला, त्यात बारा जणांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. पाचवा सामना मात्र तो २-३ असा हरला, तोही पूर्ण सामना टाकून. सहाव्यात त्याचं नाव योजनेत नव्हतं, तरी तो मध्येच उतरला, पाच इनिंग (बेसबॉलचा सामना अशा नऊ डावांचा असतो) टाकल्या आणि विजय त्याच्याच नावावर लागला. मग ९ ऑक्टोबरला सोलच्या जामशिल स्टेडियमवर सातवा. म्हणजे हिशेब असा: दहा दिवसांत पाच सामने, ४० इनिंग, सहाशेहून जास्त चेंडू, चार विजय, एक पराभव. एकाच अंतिम मालिकेत चार विजय ही कामगिरी कोरियात त्यानंतर कुणाला जमलेली नाही.

आता तो सातवा सामना थोडा जवळून पाहू. आठवी इनिंग आली तेव्हा लोत्ते ३-४ असा मागे होता. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक खेळाडू. समोर सॅमसंगचा किम इल-युंग, ज्याच्या नावावर त्या मालिकेतले सॅमसंगचे तिन्ही विजय होते. थकवा त्यालाही होताच. फलंदाजीला आला यू दू-योल. मालिकाभर त्याची बॅट चाललीच नव्हती. मालिका संपली तेव्हाही त्याची सरासरी जेमतेम ०.१४३ होती. त्यानं चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. तीन धावांचा होमरन, ६-४. नवव्या इनिंगमध्ये चोइनं शेवटच्या फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद केलं आणि लोत्तेला पहिलं विजेतेपद मिळालं.

मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला यू दू-योल, चोइ नव्हे. चोइला त्या वर्षीच्या साखळी हंगामाचा तोच मान मिळाला. तेव्हा 'एकट्यानं' म्हणताना यूचा तो एक फटका आठवावा. तो नसता, तर चोइच्या खात्यात तीन विजय, दोन पराभव आणि हरलेली मालिका उरली असती.

गैरसमज: त्याचा हात कधी थकतच नसे.

वस्तुस्थिती: हात थकत होता, थांबायला कुणी सांगत नव्हतं. १९८४च्या साखळीत लोत्तेनं १०० पैकी ५० सामने जिंकले. त्यातले २७ विजय चोइचे. तो ५१ सामन्यांत उतरला, २८४ इनिंगहून जास्त पिचिंग केलं आणि २२३ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. हा हंगामी विक्रम ३७ वर्षं टिकला. २०२१मध्ये एरियल मिरांडानं २२५ बळी घेऊन तो मोडला. १९८३ ते १९८७ अशी सलग पाच वर्षं चोइनं दरवर्षी २००हून जास्त इनिंग टाकल्या.

त्याचे विजय वर्षागणिक मांडले की किंमत दिसते: ९, २७, २०, १९, १४, ७, १, ६. एकूण १०३ विजयांपैकी ८९ पहिल्या पाच वर्षांतले. १९९०मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. पोलाद म्हणून गौरवलेल्या हाताचीही झीज होते, हे या आठ आकड्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. दोष एखाद्या प्रशिक्षकाचा नव्हता. त्या काळात चांगला पिचर म्हणजे रोज टाकणारा पिचर, अशीच सगळ्यांची समजूत होती.

गैरसमज: कारकिर्दीत फक्त १०३ विजय, म्हणजे आकड्यांत तो मागेच.

वस्तुस्थिती: सोंग जिन-वूच्या २१० विजयांशेजारी १०३ हा आकडा लहान दिसतो खरा. पण चोइ व्यावसायिक लीगमध्ये आला तो १९८३मध्ये, पंचविशीला टेकताना. क्योंगनाम हायस्कूल, योनसेई विद्यापीठ, मग हौशी कंपनी-संघ आणि राष्ट्रीय संघ, अशी त्याची उमेदीची वर्षं लीग अस्तित्वात येण्याआधीच खर्ची पडली. ते चेंडू या हिशेबात धरलेलेच नाहीत. आहे तेवढ्यातही नऊ इनिंगमागे त्यानं सरासरी २.४६ धावाच दिल्या, आणि कोरियन लीगमध्ये हजार फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद करणारा पहिला पिचर तोच.

गैरसमज: अमेरिकेच्या मेजर लीगनं त्याची दखल घेतली नव्हती.

वस्तुस्थिती: मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला कोरियन म्हणजे पार्क चान-हो, १९९४. पण त्याच्या तेरा वर्षं आधी, १९८१मध्ये, टोरंटो ब्लू जेजनं चोइशी करार केला होता. तो गेला नाही याचं कारण क्रीडागुणांच्या बाहेरचं. सक्तीच्या लष्करी सेवेचे नियम आड आले, शिवाय १९८२ची जागतिक स्पर्धा सोलमध्ये भरणार होती आणि देशाला तो हवा होता. कोरियानं अंतिम लढतीत जपानला हरवून ती स्पर्धा जिंकली. टोरंटोचा शर्ट मात्र त्याला कधीच घालता आला नाही.

गैरसमज: 'परफेक्ट गेम' चित्रपटात दाखवलंय तसंच सगळं घडलं, चोइ आणि सन दोंग-योल हाडवैरी होते.

वस्तुस्थिती: २०११च्या डिसेंबरमध्ये, चोइ गेल्यानंतर तीन महिन्यांनी, हा चित्रपट आला आणि नव्या पिढीला चोइ प्रामुख्यानं त्यातूनच कळला. मूळ घटना खरी आहे. १६ मे १९८७, बुसान. लोत्तेकडून चोइ, ग्वांगजूच्या हैताई टायगर्सकडून सन. नऊ इनिंगमध्ये निकाल लागला नाही, पंधरा इनिंगनंतरही लागला नाही. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चोइनं २०९ चेंडू टाकले, सननं २३२. दोघांपैकी एकालाही बदललं गेलं नाही.

चित्रपटात होमरन मारून बरोबरी साधणारा पार्क मान-सू हा कॅचर मात्र काल्पनिक आहे. हैताईनं नवव्या इनिंगमध्ये बरोबरी साधली खरी, पण होमरननं नव्हे. बुसान आणि ग्वांगजू यांच्यातली प्रादेशिक चुरस तेव्हा धगधगती होती, तीही खरी. वैर मात्र पडद्यावरचं. सन हा चोइपेक्षा पाच वर्षांनी लहान. चोइ हा आपला आदर्श होता, हे सननं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. सोलची ती जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघात दोघे एकत्र होते. आणि सुरुवातीचे पिचर म्हणून दोघे समोरासमोर आले ते तीनदा: १९८६मध्ये आधी सन १-० असा जिंकला, मग चोइ २-० असा, आणि तिसऱ्यांदा ही बरोबरी. 'थोर कोण' हा वाद मैदानानं सोडवला नाही, आणि ते बरंच झालं.

गैरसमज: खेळ उतरला म्हणून लोत्तेनं त्याला सोडलं.

वस्तुस्थिती: मला चोइच्या आयुष्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान वाटतं. १९८८च्या ऑगस्टमध्ये हैताईचा एक तरुण पिचर मोटार अपघातात गेला. त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला आधार देईल अशी कोणतीही व्यवस्था तेव्हा खेळाडूंसाठी नव्हती. चोइ लीगमधल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्यांपैकी एक. त्याला स्वतःसाठी संघटनेची गरज नव्हती. ज्यांचं वर्षाचं मानधन संसाराला पुरत नव्हतं, त्यांच्यासाठी ती हवी, असं तो म्हणत होता. सप्टेंबरमध्ये सातही संघांतल्या खेळाडूंना हाक देऊन त्यानं खेळाडू संघटनेची स्थापना सभा भरवली आणि तिचं अध्यक्षपद घेतलं.

संघमालकांनी ती मोडून काढली. पुढाकार घेणाऱ्यांशी नवा करार करणार नाही, असा दम भरला. दबावापुढे एकेक खेळाडू मागे हटला. नोव्हेंबरमध्ये लोत्तेनं बुसानच्या या सुपुत्राला सॅमसंगकडे धाडलं, म्हणजे १९८४मध्ये त्यानं ज्याला हरवलं त्याच संघाकडे. त्याच्या बदल्यात आलेल्या खेळाडूंत किम शी-जिन होता, कोरियन लीगमध्ये शंभर विजय मिळवणारा पहिला पिचर. कागदावर तो खेळाडूंचा व्यवहार होता. पण काहीच आठवड्यांपूर्वी काय घडलं होतं हे ज्याला ठाऊक, त्याला त्या कागदाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता.

सॅमसंगमध्ये दोन वर्षांत त्याचे सात विजय झाले आणि कारकीर्द संपली. १९९१मध्ये तो बुसानच्या महापालिका परिषदेसाठी, सत्ताधारी पक्षाच्या विरोधात, उभा राहिला आणि हरला. कोरियन खेळाडूंची संघटना अखेर २०००मध्ये उभी राहिली. त्यानं पहिला दगड ठेवल्यानंतर बारा वर्षांनी.

गैरसमज: बुसाननं आपल्या वीराला कायम डोक्यावर घेतलं.

वस्तुस्थिती: लोकांनी घेतलं, क्लबनं नाही. निवृत्तीनंतर लोत्तेच्या कोचिंगमध्ये त्याला कधीच जागा मिळाली नाही. त्यानं शिकवलं ते देजोनच्या हानव्हा ईगल्समध्ये. २००६मध्ये तो तिथे पिचिंग कोच असताना एक एकोणीस वर्षांचा डावखुरा पिचर दाखल झाला: र्यू ह्योन-जिन. पहिल्याच हंगामात १८ विजय, आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान. हाच र्यू पुढे मेजर लीगमध्ये गेला आणि २०२०पासून टोरंटो ब्लू जेजकडून खेळला. कोचला जो शर्ट मिळाला नाही, तो त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरानं घातला.

जुलै २०११मध्ये क्योंगनाम हायस्कूलच्या माजी खेळाडूंच्या एका प्रदर्शनीय सामन्याला चोइ आला होता. गाल बसलेले, अंग वाळलेलं. वजन कमी केलंय, एवढंच त्यानं लोकांना सांगितलं. दोन महिन्यांत तो गेला. त्यानंतर ३० सप्टेंबर २०११ रोजी लोत्तेनं ११ क्रमांक कायमचा निवृत्त केला. १९८४चा तो पहिला सामनाही ३० सप्टेंबरचाच. पुतळा २०१३मध्ये उभा राहिला आणि २०१४पासून सर्वोत्तम पिचरला चोइ दोंग-वोन पुरस्कार दिला जाऊ लागला. तो आधी फक्त कोरियन पिचरसाठी होता. २०१८मध्ये परदेशी खेळाडूंनाही खुला झाला. २०२१मध्ये तो मिळाला एरियल मिरांडाला, म्हणजे चोइचाच विक्रम मोडणाऱ्याला.

प्रत्येक चेंडूआधी चोइची एक ठरलेली लकब असे. हाताला पकड देणाऱ्या रोझिनच्या पुरचुंडीला हात लावायचा, मोजे वर ओढायचे, टोपी सारखी करायची, चष्मा नीट बसवायचा आणि मगच पाय उंच उचलायचा. पिचरच्या उंचवट्यावर, माउंडवर, माणूस खरंच एकटा असतो, आणि त्या एकटेपणाची सवय त्याच्याइतकी कुणालाच नव्हती. तरीही १९८८मध्ये, स्वतःचं सगळं पणाला लावून, त्यानं जे मागितलं ते इतकंच होतं: इतरांना एकटं पडावं लागू नये. सजिकच्या पुतळ्यापाशी थांबणाऱ्यानं १९८४ जरूर आठवावं. पण १९८८ विसरू नये.