पिकअप विकली, पैसे मिळाले. पण आरसीवर नाव कोणाचं?

उमापूर (ता. गेवराई) : आपल्या भागात पिकअप म्हणजे नुसती माल वाहायची गाडी नाही. फळं, गाद्या, भांडी, बांगड्या घेऊन जी माणसं गावोगाव फिरतात आणि पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत, त्यांचं ती दुकान असते आणि रात्री झोपायची खोलीही. म्हणून हौद्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर ताडपत्री, कडेला पाण्याची टाकी, लाइटसाठी दुसरी बॅटरी, खाली फळ्या टाकून केलेली झोपायची जागा असं काय काय बसवलेलं असतं. अशी गाडी विकायची वेळ आली की आपण दोन ठिकाणी चुकतो. एक चूक पैशाची, ती सोसता येते. दुसरी कागदाची, ती घर बसवू शकते.

पैशाचं आधी उरकू. सामान बसवायला आपल्याला जेवढा खर्च आला तेवढा गिऱ्हाईक देत नाही, हे धरूनच चला. तो बघतो इंजिन, टायर, चेसिसचा गंज, पासिंग कधीपर्यंत आहे आणि कागद. टाकी, बॅटरी, ताडपत्री काढून वेगळी विकली तर बऱ्याचदा जास्त पैसे येतात. गाडीसोबत द्यायचं असेल तर काय काय दिलं ते सौद्याच्या कागदावर लिहा, नाहीतर नंतर "बॅटरी ठरली होती" म्हणून भांडण होतं. घरचा गॅस सिलिंडर मात्र काढूनच घ्या, तो आपल्या नावावरच्या कनेक्शनचा असतो. पक्का पत्रा वेल्डिंग करून बॉडीचा आकारच बदलला असेल तर आरटीओची परवानगी लागते. ती घेतलेली नसेल तर फिटनेसला गाडी अडते, म्हणून हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. इंजिन तेल खातं, एकदा ठोकलेली आहे, हेही सांगा. मालातला दोष झाकून विकणं आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे कोणाला नव्याने सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. गावात गाडी शब्दावर विकली जाते. बयाणा घेतला, नोटरी केली, चावी दिली, सौदा झाला. पण कायद्याच्या नजरेत तेवढ्याने मालक बदलत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(30) प्रमाणे साधारणपणे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तोच मालक. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्यात मूळ मालकाने 2007 मध्येच कार विकली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि 2009 मध्ये अपघात झाला. नाव मात्र कोणीच बदललेलं नव्हतं. कोर्टाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या, नोंदीवरच्या मालकावर टाकली. अपघातात माणूस गमावलेल्या घराने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरावं, अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. आम्हाला ते बरोबर वाटतं. चूक गाडी विकून गप्प बसणाऱ्याची आहे.

आता हे बीड जिल्ह्याला लावून बघा. तुम्ही दिवाळीच्या आधी पिकअप विकली. घेणाऱ्याने तिच्यात ऊसतोडीची टोळी बसवली, बायका-लेकरांसकट. रस्त्यात गाडी उलटली. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात 2002 मध्येच म्हटलेलं आहे. म्हणजे कंपनी हात वर करू शकते, आणि आरसीवर नाव तुमचं. लाखोंच्या भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते, आणि गाडी तर तुम्ही महिनाभर बघितलेलीही नसते.

म्हणून नाव बदलणं हा सौद्याचाच भाग समजा. फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची खबर आणि फॉर्म 30 म्हणजे नाव चढवायचा अर्ज. गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. आपल्याला एमएच 23 साठी बीडला जावं लागतं. एक दिवस मोडतो, पण घेणाऱ्याला सोबत घेऊनच जा. दलाल कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतो, त्या देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख भरल्यावरच सही करा. घेणारा टाळाटाळ करत असेल तर फॉर्म 29 तुम्ही एकट्यानेही पाठवा आणि त्याची प्रत त्याला रजिस्टर पोस्टाने द्या. त्याने नाव बदलत नाही, पण पुरावा राहतो. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, दोन साक्षीदार घ्या. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलंय. आपण निकाहाला साक्षीदार शोधतो, मग लाखांच्या गाडीला का नाही?

गाडीवर फायनान्स चालू असेल तर "हप्ते तुम्ही भरा, नाव नंतर करू" हा सौदा अजिबात करू नका. फायनान्सवाल्याच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. घेणाऱ्याने दोन हप्ते चुकवले तर वसुली तुमच्याकडे येते आणि सिबिल तुमचं खराब होतं. आधी कर्ज फेडा, एनओसी आणि फॉर्म 35 घ्या, आरसीवरचा एचपी उतरवा.

वालिदांच्या इंतकालनंतर त्यांच्याच नावावर राहिलेली गाडी विकायची असेल तर फॉर्म 31 ने आधी वारसाच्या नावावर करावी लागते. तिथे अम्मीची आणि बहिणींची संमती नुसती सहीपुरती घेऊ नका. गाडीच्या पैशात त्यांचा हिस्सा आहे, तो द्या.

बाकी किरकोळ, पण अडवणारं : जुने ई-चलन भरलेले असावेत. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली असावी. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी लागतो. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जातील. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. पुढची गाडी घ्यायची असेल तर कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या.

महिनाभराने एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण नाव बदललंय की नाही ते कळतं. अजून तुमचंच नाव दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन लावा, आणि तो उचलत नसेल तर फॉर्म 29 ची पोच घेऊन थेट बीड गाठा.