वर्तुळाचं अंडं का झालं?

दोस्तांनो, समजा, चिखलीतल्या तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची डीव्हीडी करायची आहे. डिस्क लावली की आधी नाच, नाटक, बक्षीस समारंभ अशी यादी येते ना, तिला म्हणतात मेनू. तुम्ही संगणकावर तो हौसेनं काढलात, मधोमध शाळेचं गोल बोधचिन्ह. रुंद टीव्हीवर बघता तर काय, बोधचिन्हाचं आडवं अंडं!

गंमत अशी की, आपल्याकडच्या डीव्हीडीच्या चित्रात एका ओळीत ७२० ठिपके आणि ओळी ५७६. पडदा जुना ४:३ असो की रुंद १६:९, ठिपके तेवढेच! रुंद पडद्यासाठी तेच आडवे ताणले जातात. मग युक्ती काय? चित्र १०२४ बाय ५७६ ठिपक्यांत काढायचं आणि फक्त रुंदी दाबून ७२० करायची. २०० ठिपक्यांचं वर्तुळ रुंदीत सुमारे १४० उरतं, उंची मात्र २००च. संगणकावर उभं अंडं दिसेल, दिसू द्या! टीव्हीवर ते गोल होतं. डिस्क बनवताना ‘१६:९’ निवडायला विसरू नका बरं का.

अक्षरं कडेपासून दहावा हिस्सा आत ठेवा. जुने काचेच्या नळीचे टीव्ही कडा गिळतात. ‘नाटक’चं नुसतं ‘टक’ उरायचं!

२००६ साली आलेल्या ब्लू-रेवर १९२० बाय १०८० ठिपके, तेही चौरस. तिथे दाबादाबी नाही. पण घाईत कापलेल्या फोटोची खडबडीत कडसुद्धा लख्ख दिसते!