‘माफीचा साक्षीदार’मागचं खरं पुणे

नाना पाटेकरचे जुने चित्रपट शोधताना तरुण प्रेक्षक कधीतरी १९८६ सालच्या ‘माफीचा साक्षीदार’पाशी येतात. राजदत्त यांचा हा चित्रपट बघताना अंगावर काटा येतोच. खरा हादरा मात्र नंतर बसतो, घरातलं कुणी वडीलधारं सांगतं तेव्हा: हे सगळं पुण्यात घडलेलं आहे.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७. बहुतेक सगळा काळ आणीबाणीचा. टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणाऱ्या राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांनी या काळात दहा जणांचे जीव घेतले. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला एक मुलगा. त्याच्या वडिलांचं हॉटेल होतं, म्हणजे पैसा मिळेल, एवढाच हिशेब. ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतल्या जोशींच्या घरातले तिघे गेले. १ डिसेंबरच्या रात्री भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण मारले गेले. त्यात घरकाम करणारी बाईही होती.

दाराची बेल वाजवायची, आत शिरायचं, हातपाय बांधायचे आणि नायलॉनच्या दोरीने गळा आवळायचा. पेठांमध्ये रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगवणारं शहर दिवेलागणीलाच कड्या लावू लागलं. ओळखीच्या आवाजालाही लोक चटकन दार उघडेनात.

मार्च १९७७मध्ये आणखी एका तरुणाचा मृतदेह नदीत सापडला. दोरीच्या गाठी आधीच्या खुनांतल्या गाठींशी जुळत होत्या. पोलिसांनी जक्कल आणि त्याच्या साथीदारांना वेगवेगळं बसवून विचारलं, तेव्हा जबाब एकमेकांशी जुळेनात.

खटल्यात महत्त्वाचा ठरला तो या चौघांसोबतचाच आणखी एक विद्यार्थी, माफीचा साक्षीदार. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ने ही तरतूद केली होती. गुन्ह्यात सामील असलेल्याने ठाऊक असलेलं सगळं खरंखरं सांगितलं, तर न्यायालय त्याला माफी देऊ शकत असे. बंद दाराआड झालेल्या खुनांना बाहेरचा साक्षीदार मिळणार कुठून? तरी अशा माणसाच्या शब्दावर न्यायालय डोळे मिटून विसंबत नाही. त्याच्या सांगण्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधला जातो, आणि ते योग्यच आहे. स्वतःची मान सोडवायला माणूस काहीही बोलू शकतो.

१९७८मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात ती अमलात आली. मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेलं ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन पुढे खूप वाचलं गेलं. अनुराग कश्यपच्या ‘पाँच’लाही याच प्रकरणाची प्रेरणा होती. तो चित्रपट मात्र चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही.

मारेकऱ्यांवर पुस्तक आलं, चित्रपट आले. मेलेल्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावातही दोन घरंच मावतात. पहिला विद्यार्थी आणि शेवटचा तरुण त्या नावाबाहेरच राहिले. चित्रपट जरूर बघा, पण त्यानंतर या खटल्याचे न्यायालयीन निकालही वाचा. ती दहा माणसं कोण होती, हे तिथे नोंदलेलं आहे.